स्टुडिओत नुसतं जॅम करता करता झालेली रॉक गाणी, खरंच होतं का असं?

खालची_तार
मंडळी, मी बास गिटार वाजवतो, बँड छोटाच आहे, चौघं जण. दर रविवारी अंधेरीला एका जॅमपॅडवर (सरावाची खोली) तासाचे पैसे भरून कव्हर्स म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवतो. गेल्या रविवारी मेगाब्लॉकमुळे आमचा गायक डोंबिवलीलाच अडकला आणि पैसे तर आधीच भरलेले, मग आम्ही तिघं ए मायनरमध्ये काहीपण वाजवत बसलो आणि मी सहज मोबाईल अँप्लिफायरवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं, 43 मिनिटं झालंय. ड्रमर म्हणतो यात गाणं आहे. गिटारिस्ट म्हणतो कसलं गाणं, ना शब्द ना चाल, नुसता टाईमपास आहे. तर मला सांगा की मोठ्या बँड्सची अशी नुसत्या जॅममधून, म्हणजे न ठरवता एकत्र वाजवण्यातून झालेली गाणी खरंच आहेत का, का मुलाखतीत सांगायला बऱ्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत सगळ्या? आणि जॅम संपल्यावर ते पुढे नक्की करायचे काय?

कॅसेटकाका_दादर
अरे भरपूर आहेत. तुमच्या गिटारिस्टचा घोळ असा आहे की आपल्याकडे लहानपणापासून कवितेला चाल लावलेलीच ऐकलीय आपण, त्यामुळे वाद काय तर शब्द आधी की चाल आधी. दोन्ही नसताना नुसत्या ठेक्यावरून गाणं उभं राहतं हे पटतच नाही पटकन.

बास वाजवतोस ना, मग 'अंडर प्रेशर' घे. 1981, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, क्वीन बँडचं तिथे माउंटन स्टुडिओत काम चालू होतं आणि गायक डेव्हिड बोवी आला होता. ठरलेलं असं काही नव्हतं, जुनी गाणी वाजवता वाजवता नवीन सुरू झालं. क्वीनचा बासवाला जॉन डीकनची ती बासलाईन म्हणजे एकच सूर सहा वेळा आणि मग एक खालचा, बस. ती पण म्हणे मधे सगळे जेवायला गेले आणि परत येईपर्यंत पठ्ठ्या विसरून गेला, ड्रमर रॉजर टेलरच्या लक्षात होती म्हणून वाचली. (ही गोष्ट प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो, पण विसरला हे नक्की.) शब्द नव्हतेच, म्हणून एकेकाने दुसऱ्याचं न ऐकता आत जाऊन सुचेल तसं गायचं आणि मग त्यातले बरे तुकडे जोडायचे असं केलं. क्वीनचा गायक फ्रेडी मधेमधे जे निरर्थक बडबडल्यासारखं गातो ना, ते तसंच ठेवलंय फायनलला.

दुसरं, लेड झेपलिनचं 'रॉक अँड रोल'. 1971 साली इंग्लंडमधे हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात मुक्काम, बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ म्हणजे ट्रक उभा. 'फोर स्टिक्स' नावाचं गाणं काही केल्या बसत नव्हतं, तेव्हा वैतागून ड्रमर बॉनहॅमने लिटल रिचर्डच्या जुन्या गाण्याची सुरुवात ड्रम्सवर वाजवली, गिटारिस्ट पेजने वर रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) टाकला आणि त्यांनी अडलेलं गाणं दिलं सोडून. आता गंमत ऐक, ते न बसणारं 'फोर स्टिक्स' घेऊन पेज आणि गायक प्लांट 1972 साली आपल्या मुंबईत आले आणि इथल्या वादकांबरोबर परत रेकॉर्ड केलं. आम्ही ते कसल्या कसल्या कॉपीवर ऐकायचो, अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं.

टेप_चालू_ठेव
काका सगळं बरोबर, पण यातून पोरांना वाटतं की वाजवत बसलं की गाणं आपोआप पडतं झाडावरून. मी रेकॉर्डिंगचं काम करतो, माझ्याकडे दर महिन्याला कोणीतरी दोन दोन तासांचे जॅम घेऊन येतं आणि त्यातला पाऊण भाग म्हणजे ई मायनरमध्ये सगळे एकमेकांची वाट बघतायत.

जॅमचं गाणं कधी होतं, तर कोणीतरी रेकॉर्ड करत होतं म्हणून आणि नंतर कोणीतरी निर्दयपणे कापलं म्हणून. डेरेक अँड द डॉमिनोजचं 'की टू द हायवे' ऐक, 1970, मायामी. गाणं जुनंच ब्लूज आहे, पण गिटारिस्ट क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन वगैरेंनी ते अचानक वाजवायला घेतलं आणि टेप बंद होती! निर्माता टॉम डाउड ओरडला तेव्हा मशीन सुरू झालं, म्हणून ते ट्रॅक मधूनच हळूहळू आत येतं, सुरुवात आहेच कुठे. उलटं उदाहरण म्हणजे रोलिंग स्टोन्सचं 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग', गाणं संपलं असं समजून पण वाजवत राहिले, टेप चालू होती, म्हणून बॉबी कीजचा सॅक्सोफोन आणि मिक टेलरची गिटार मिळून मागचं सगळं जमलं. सात मिनिटांच्या गाण्यातला अर्ध्याहून जास्त भाग फुकटात आलेला.

पण तुझा खरा गुरू कॅन या जर्मन बँडचा होल्गर चुकाय. तो पण बासवालाच. तासन् तास वाजवायचे आणि मग हा बसून टेप ब्लेडने कापून चिकटवायचा. 1971 चा 'टागो मागो' अल्बम असाच झालाय. त्यात एक ट्रॅक 18 मिनिटांचा आहे पण ऐकताना रेंगाळल्यासारखा वाटत नाही, कारण रेंगाळलेलं सगळं जमिनीवर पडलंय.

गोरेगाव_पूर्व_रात्रपाळी
इथे कोणी पिंक फ्लॉइड म्हणेना म्हणून आलो. 'एकोज' या गाण्याच्या आधी त्यांनी जे तुकडे जमवले होते त्यांना नावच 'नथिंग' दिलं होतं, नथिंग 1, नथिंग 2 असं करत 24 पर्यंत. त्यातला रिक राइटचा पियानोचा एक सूर लेस्ली म्हणजे फिरत्या स्पीकरमधून काढलेला, पाण्यात थेंब पडल्यासारखा, त्याच्यावर 23 मिनिटांचं गाणं उभं आहे. तुमच्या 43 मिनिटांत असा एक सूर असला तरी बास झालं.

आणि वाजवताना शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात ते पण नवीन नाही, डीप पर्पल हा बँड डिसेंबर 1971 मधे माँत्रोलाच एका थिएटरात रात्री 'स्मोक ऑन द वॉटर'चा ट्रॅक वाजवत होते तर आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दारात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगितलं तर म्हणाला बघा, तिकडे पण येतात.

खालची_तार
धन्यवाद काका आणि सगळेच. काल लोकलमध्ये हेडफोन लावून पूर्ण ऐकलं, ठाणे ते सीएसएमटी आणि परत थोडं. टेपवाले दादा तुमचं खरं आहे, पहिली वीस मिनिटं भयानक, मी स्वतः दोनदा सम चुकलोय आणि गिटारिस्ट ट्यूनिंग करतोय ते पण आम्ही सिरीयसली साथ देतोय. पण 27 व्या मिनिटाला ड्रमरची काठी पडली, तो हाय-हॅट (झांजांची जोडी) सोडून नुसता फ्लोअर टॉमवर (खालचा मोठा ड्रम) आला आणि मी घाबरून दोनच सूर धरून बसलो, तिथून साधारण दीड मिनिट काहीतरी आहे. आता हेच कापून लूप करू का परत वाजवू?

टेप_चालू_ठेव
परत वाजवा, मोबाईलवर किक ड्रम (पायाने वाजवतात तो) ऐकू येणार नाही तुला. पण आधी दीड मिनिटाचा तुकडा कापून तिघांना पाठव, सगळ्यांनी आठवडाभर तेवढाच ऐकायचा. लगेच कॉर्ड बदलू नका, गिटारिस्टला पहिले ती खाज येणार. आणि गायकाला शब्द देऊ नका, तोंडाला येईल ते गाऊ दे आधी.

कॅसेटकाका_दादर
आणि काठी पडलेला आवाज ठेवा रे.

खालची_तार
पाठवला ग्रुपवर. गिटारिस्टचा रिप्लाय आलाय, "हे मी वाजवलंय?" रविवारी 4 ते 6 चा स्लॉट मिळालाय, मेगाब्लॉक परत आहेच, पण यावेळी गायकाला सकाळीच निघायला सांगितलंय.