मदत हवी आहे: भाऊबीजेला घरी वीसेक माणसं, एकाला शेंगदाणा-काजूची अ‍ॅलर्जी, एकीला गहू बंद

नमस्कार मंडळी, यंदा नणंद न्यूजर्सीहून दिवाळीला येतेय म्हणून भाऊबीज आमच्याकडे (पुण्यात), सकाळी फराळ आणि मग दुपारचं जेवण. तिच्या लेकाला, वय सात, शेंगदाणा आणि काजू-पिस्त्याची सिव्हिअर अ‍ॅलर्जी आहे, एपिपेन (अ‍ॅलर्जीचा जोरात त्रास झाला तर लगेच द्यायचं इंजेक्शन) कायम पर्समध्ये. आणि आमच्या जाऊबाईंना सिलिअ‍ॅक निघालाय, म्हणजे गहू मैदा रवा सगळंच बंद, चिमूटभरसुद्धा नाही.

मेनू तसा जमलाय. पोह्यांच्या चिवड्यात दाण्यांऐवजी जास्तीचं डाळं आणि खोबऱ्याचे काप, बेसनाचे लाडू काजूशिवाय, अनारसे, चकली. जेवायला वरण-भात, बटाट्याची भाजी, तांदळाची भाकरी, केशर-वेलचीचं श्रीखंड. करंज्या-शंकरपाळे मी यावेळी करतच नाहीये, ज्याला हवेत त्याने आपल्या घरी खावेत 😄

अडलंय ते पुढेच. चकलीच्या भाजणीत गहू नसतो हे खरं पण गिरणीत आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात त्याचं काय करायचं? तळण एकाच कढईत चालेल का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे येणारा प्रत्येक जण फराळाचा डबा घेऊन येणार, त्यात दाणे-काजू असणारच, आणि आमच्याकडे मावशी-आत्या मंडळी पोराच्या तोंडात "घे रे बाळा" म्हणून लाडू कोंबतातच. सासूबाईंचं तर ठाम मत आहे की थोडंथोडं खाल्लं की सवय होते. त्यांना न दुखावता कसं सांगू?

नाशिककर:
गिरणीचं विसरा, भाजणी घरघंटीवर दळा, पण त्यात आधी गहू दळले असतील तर तीही नको, मग मिक्सरच बरा, चाळून घ्यायची. हिंग बघा आधी! डबीतला बांधणी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो आणि तो फोडणीतून वरणात, भाजीत, चिवड्यात सगळीकडे जातो. तांदळाच्या पिठातला मिळतो, लेबल वाचून घ्या, नाहीतर सरळ हिंगाशिवाय फोडणी. तळणाला कोरं तेल काढा, आदल्या दिवशीचं शंकरपाळ्यांचं वगैरे नको, तळल्याने ग्लूटेन (गव्हातलं प्रोटीन, सिलिअ‍ॅकवाल्यांना तेच चालत नाही) काही जळून जात नाही. घाण्याचं शेंगदाणा तेलही नको, त्यात दाण्यांचं प्रोटीन राहतं. आणि पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर भाकरी ताटात किंवा प्लास्टिकवर थापा.

अनुभवी आई:
माझ्या मुलालाही दाण्याची आहे म्हणून सांगते. आदल्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांना मेसेज टाका की डबे नकोत, आणायचंच असेल तर फळं आणा. तरी डबे येणारच 🙄 ते दारातच घ्या आणि बेडरूमच्या कपाटात, बंद. पोराचं ताट सगळ्यात आधी वाढा, त्याचा डाव वेगळा. जो त्याला भरवणार त्याने साबणाने हात धुवायचे, सॅनिटायझरने दाण्याचं प्रोटीन निघत नाही. तुमच्या किचनमधली दाण्याच्या कुटाची बरणी आणि तिचा चमचा चार दिवस उचलून ठेवा, आपला हात सवयीने कोशिंबिरीकडे जातोच. सासूबाईंशी तुम्ही नका बोलू, त्यांच्या लेकीला बोलू दे. एपिपेन कसं वापरायचं ते घरातल्या दोघातिघांनी तिच्याकडून शिकून घ्या: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं, आणि दिल्यावर बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच कारण त्रास काही तासांनी परत उलटू शकतो.

धागाकर्ती:
हिंगाचं खरंच माहीत नव्हतं, आत्ताच डबी बघितली, गव्हाचं पीठ आहे!! नणंदेलाच सांगते सासूबाईंशी बोलायला, चांगली आयडिया आहे. अजून एक, श्रीखंड विकतच्या चक्क्याचं करणार होते, पण आमच्या डेअरीत चक्का आणि काजू-पिस्ता श्रीखंड एकाच काउंटरवर, एकाच चमच्याने काढतात. घरीच दही टांगू का?

अनुभवी आई:
घरीच टांगा. रात्री टांगलं की सकाळी तयार.