प्रबंध शोधगंगेवर जाणार, मग मुलाखती आणि पुस्तकाचं काय?

कोयता_आणि_पाटी:
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर पीएचडी करतेय, प्रबंध टायपिंगला गेलाय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निरोप आला की छापील प्रतीबरोबर पीडीएफही हवी, प्रत्येक प्रकरणाची वेगळी, म्हणजे शोधगंगेवर (देशभरातले प्रबंध खुले वाचायला ठेवणारं संकेतस्थळ) चढवता येईल. साम्य तपासणीचं, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही याचं, प्रमाणपत्रही त्यांच्याकडूनच घ्यायचंय.

माझी धास्ती अशी, की सगळं फुकट वाचायला मिळालं तर पुढे पुस्तक कोण छापणार? गाइड सर म्हणतात, मुलाखती जशाच्या तशा परिशिष्टात जोडा, वजन येतं. त्यात उचल किती घेतली, मुकादम कोण, गर्भपिशवी कुठे काढली, सगळं नावानिशी आहे. रेकॉर्डिंग अजून फोनमध्येच पडलंय. आणि मुलाखतींमुळे साम्याचा टक्का वाढेल का?

बांधावरचा:
ताई, शोधगंगा वाचतंय कोण! पण चोरणारे वाचतात. जमेल तितकं लांबवा, एखादं प्रकरण कमी द्या.

शिक्का_नि_शाई:
बांधावरचे दादा, असले सल्ले ऐकून पोरं अडकतात आणि मग आमच्या टेबलासमोर येऊन बसतात. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करतो.

ई-प्रत देणं यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून बंधनकारक आहे. २०२२ च्या नियमांतही पदवी जाहीर होण्याआधी ती इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे शोधगंगा चालवणाऱ्या केंद्राकडे, गेली पाहिजे असं स्पष्ट आहे. प्रकरण गाळलं तर फाईल परत येते, बाकी काही होत नाही.

पुस्तकाचं फार मनावर घेऊ नका ताई. मराठी प्रकाशक प्रबंध जसाच्या तसा सहसा छापत नाही, तो पुन्हा लिहावाच लागतो. उलट उद्या कुणी तुमचं प्रकरण उचललं, तर शोधगंगेवरची प्रत हाच तुमचा पुरावा. तरीही प्रकाशकाशी बोलणी पक्की झाली असतील, तर मजकूर काही काळ बंद ठेवण्याचा अर्ज जमा करण्याआधीच द्या. चढवल्यानंतर आलेल्या अर्जाला आमच्याकडे फारसा अर्थ नसतो.

परिशिष्टाचं मात्र गाइड सरांशी आजच बोला. परिशिष्टही शोधगंगेवर जातं. नाव गुगलवर टाकलं की त्या बाईची गर्भपिशवी कुठे काढली हे तिच्या मुकादमाच्या पोराला घरबसल्या वाचता येईल. नावं बदला, गावाऐवजी तालुका लिहा. वस्ती लहान असेल तर वय आणि मुलांची संख्या यांवरूनही बाई ओळखू येते, तेही तपासा. खरी नावं आणि टोपणनावं यांची यादी वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्ड लावून ठेवा. ती प्रबंधात नको, आम्हालाही देऊ नका.

रेकॉर्डिंगची एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या ठिकाणी. फाईलला तारीख, तालुका आणि टोपणनाव द्या. "न्यू रेकॉर्डिंग ४७" कुणाचं ते वर्षभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. पुढे अभ्यासकांसाठी ठेवायचं असेल तर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं झेनोडो हे ऑनलाइन भांडार फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबी जागा आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, फाईल बंद ठेवून फक्त माहिती दाखवता येते. पण त्या बायकांनी तेवढी परवानगी दिलीय का, हे आधी बघा.

टक्क्यांचं म्हणाल तर यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत काही होत नाही, १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यावं लागतं. संदर्भसूची आणि नाव देऊन घेतलेली अवतरणं धरत नाहीत. तुमच्या मुलाखती आधी कुठे छापल्याच नाहीत, तर जुळणार कशाशी?

आता खरी गोम. टायपिंग कुठल्या फाँटमध्ये चाललंय? डीटीपीवाले अजून जुन्या फाँटांत काम करतात. पीडीएफ दिसायला देखणी, पण कॉम्प्युटरला आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही ती वाचता येत नाही, मग साम्य शून्य टक्के. शून्य आलं म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत! असा प्रबंध शोधगंगेवर असून नसल्यासारखा, शोधून कुणाला मिळणारच नाही. पीडीएफ उघडा, कंट्रोल एफ दाबा आणि "मुकादम" शोधा.

शनिवारवाडा_ते_लायडन:
लेखांबद्दल थोडी भर. यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) बंद केली, तेव्हापासून "आठ दिवसांत छापून देतो" म्हणणाऱ्या जर्नलांचे मेल वाढलेत. पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना ते जर्नल दाखवाच. इथे लायडनला आमच्या ग्रंथालयात त्यासाठी वेगळी माणसं असतात, पण पुण्यात असतानाही मला विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात विचारल्यावर कुणी हाकलून दिलं नव्हतं.

लेख स्वीकारला गेला की तुमची शेवटची वर्ड फाईल जपून ठेवा. बरेच प्रकाशक ती संस्थेच्या ऑनलाइन भांडारात खुली करू देतात, फक्त त्यांची छापलेली पीडीएफ चालत नाही. ऑर्किड (ORCID) क्रमांकही, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून टाका, फुकट असतो. आपल्याकडे एकाच आडनावाच्या पाटील मॅडम किती निघतात, सांगायला नको.

कोयता_आणि_पाटी:
परिशिष्टाचं सरांना सांगितलं. आधी कुरकुरले, पण ग्रंथालयातून तसं लेखी आणा म्हणाले. आणि हो, पहिल्या प्रकरणाच्या पीडीएफमध्ये शोधून बघितलं. पानोपानी मुकादम आहे, कॉम्प्युटरला एकही सापडला नाही. डीटीपीवाले दादा म्हणतात, कन्व्हर्टरने पाच मिनिटांत युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरला वाचता येणारी अक्षरं, करून देतो.

शिक्का_नि_शाई:
देऊ दे, पण पीडीएफवरून नको, मूळ फाईलवरून करायला सांगा. झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. सगळ्यात जास्त "ऱ्या" तुटतो, आणि तुमच्या प्रबंधात "तोडणाऱ्या" तर पानागणिक असणार. तक्ते शेवटी बघा, तिथले आकडे हमखास सरकतात. लेखी हवं असेल तर तुमच्या ग्रंथपालांच्या नावाने साधा अर्ज द्या. शोधगंगेच्या कीवर्डमध्ये "ऊसतोड", "कोयता", "उचल" हे शब्द तुम्हीच लिहून द्या, आमचा ऑपरेटर नुसतं "महिला" टाकून मोकळा होईल.