दुकानांतून एक्सबॉक्स दिसेनासा होत आहे. अशा वेळी नवा घ्यावा का? सल्ला हवा आहे

पारवा

नमस्कार. आमच्या घरी एक्सबॉक्स वन (मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) आहे आणि त्याआधीच्या एक्सबॉक्स ३६० पासून जमवलेल्या खेळांच्या डिस्कही आहेत. वनचा डिस्क ड्राइव्ह आता थकला आहे. डिस्क आत घेतो, बराच वेळ घरघरतो आणि शेवटी तीच डिस्क बाहेर ढकलतो. त्यामुळे त्याच्या पुढचा कन्सोल सिरीज एक्स घ्यावा असे मनात आहे.

मात्र दुकानांत या ब्रँडची जागा ज्या वेगाने आक्रसत आहे, ते पाहून मन कचरते. पूर्वी प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोच्या बरोबरीने भरलेला हिरवा कप्पा आता एखाद्या कोपऱ्यात उरला आहे. त्यात जुन्या खेळांच्या थोड्या डिस्क, एखादा कंट्रोलर आणि गेम पासची (वर्गणी भरून खेळ मिळण्याच्या सेवेची) कार्डे एवढेच दिसते. कन्सोलची चौकशी केली की "मागणी नोंदवा, मागवून देऊ" असे उत्तर मिळते. एवढे पैसे घालून कन्सोल घ्यायचा आणि पुढे कंपनीनेच हात आखडता घेतला, तर माझ्या डिस्कचे, डाउनलोड करून विकत घेतलेल्या खेळांचे आणि मुलीच्या ऑनलाइन खेळण्याचे काय होईल? घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

खिळेमोळे

कप्पा का आटतो, हे आधी पाहू या, कारण तुमच्या भीतीपैकी किती भाग खरा आहे ते त्यावरून ठरते.

कन्सोलच्या विक्रीत दुकानदाराच्या हाती फारच थोडे लागते. त्याचे पोट भरते ते खेळांच्या डिस्क, जादा कंट्रोलर, हेडसेट आणि वापरलेल्या खेळांची खरेदी-विक्री यांवर. मायक्रोसॉफ्टने हाच धंदा वर्षानुवर्षे दुकानातून उचलून इंटरनेटवर नेला. २०१७ मध्ये गेम पास आला आणि पुढे कंपनीचे स्वतःचे नवे खेळ पहिल्या दिवसापासून वर्गणीतच मिळू लागले; २०१९ मध्ये डिस्क ड्राइव्ह नसलेला एक्सबॉक्स वन एस आला; २०२० मध्ये सिरीज एस आला, ज्यात डिस्क घालण्याची सोयच नाही; आणि २०२४ मध्ये सिरीज एक्सचीही बिनड्राइव्हची आवृत्ती निघाली. त्याच वर्षी 'हेलब्लेड २' सारखा मोठा खेळ फक्त डाउनलोडच्या रूपात प्रसिद्ध झाला. ज्या ग्राहकाला एकदा कन्सोल नेला की परत दुकानात येण्याचे कारणच उरत नाही, त्याच्यासाठी दुकानदाराने दर्शनी जागा का अडवून ठेवावी?

दुसरे कारण खपाचे आहे. सोनीने २०२५ च्या मध्यापर्यंत ८ कोटींहून अधिक प्लेस्टेशन ५ दुकानांकडे रवाना केले. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून कन्सोलचे विक्रीचे आकडे जाहीर करणेच थांबवले आहे, आणि जी कंपनी आकडे झाकते तिचे आकडे चांगले असण्याची शक्यता कमीच, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये चार खेळ इतर कन्सोलवर नेण्याची घोषणा झाली, २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स ऑफ वॉर'ची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवर पोहोचली, आणि 'हेलो'देखील तिकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत त्याच वर्षी या कन्सोलच्या किमती दोनदा वाढल्या. 'हा खेळ फक्त इथेच मिळेल' असे सांगण्याची सोय संपली आणि किंमत मात्र वर गेली, तर विक्रेत्याने ग्राहकाला काय म्हणून पटवायचे?

तेव्हा रिकामा कप्पा हा या धोरणाचा परिणाम आहे. केवळ त्यावरून उद्या सगळे बंद पडेल असा निष्कर्ष काढू नये.

दूरचा_दिवा

मी मात्र न घेण्याचाच सल्ला देईन. सिरीज एक्स नोव्हेंबर २०२० चा आहे. एवढ्या जुन्या यंत्रावर आज मोठी रक्कम घालणे मला पटत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच संगणक, हातात धरायची यंत्रे आणि क्लाउड या सगळ्यांना एक्सबॉक्स म्हणू लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संगणक बनवणाऱ्या आसुसच्या साथीने आलेला 'आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय' हा मुळात विंडोज चालवणारा संगणकच आहे. 'प्ले एनीव्हेअर' असा शिक्का असलेले खेळ एकदा विकत घेतले की कन्सोलवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालतात, आणि खेळाची प्रगतीही दोन्हीकडे पोहोचते. बरा ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घेतलात, तर दुकानात कप्पा राहो वा न राहो, तुमचे काही अडणार नाही.

जुनीपुराणी

दूरचा_दिवा यांचा सल्ला ज्याच्याजवळ डिस्क नाहीत त्याच्यासाठी योग्य आहे. पारवा यांच्याजवळ डिस्क आहेत, आणि ३६० किंवा वनची डिस्क संगणकात घालून खेळता येत नाही. कन्सोलवर विकत घेतलेले पण 'प्ले एनीव्हेअर'मध्ये नसलेले खेळही विंडोजवर येत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी उत्तर एकच आहे: डिस्क ड्राइव्ह असलेला सिरीज एक्स. सिरीज एस कितीही स्वस्त मिळाला तरी त्यांच्या कामाचा नाही. शिवाय ५१२ जीबीच्या सिरीज एसमध्ये खेळांसाठी प्रत्यक्षात सुमारे ३६४ जीबीच जागा मिळते. आजचे मोठे खेळ तीन-चार ठेवले की ती भरते.

आता डिस्कबद्दलची एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळांना ती माहीत नसते. वनची डिस्क सिरीज एक्समध्ये घातली की खेळ साधारणपणे त्या डिस्कवरूनच उतरतो. ३६० च्या डिस्कचे तसे नाही. कन्सोल ती डिस्क फक्त ओळखतो आणि खेळाची नव्या यंत्रासाठी तयार केलेली आवृत्ती इंटरनेटवरून उतरवून घेतो. त्यानंतर डिस्क प्रत्येक वेळी आत असावी लागते, पण ती केवळ मालकीचा पुरावा म्हणून. म्हणजे तुमच्या कपाटातली ३६० ची डिस्क ही निव्वळ किल्ली आहे, आणि ती किल्ली ज्या घराची आहे ते घर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. सर्व्हर चालू आहेत तोवरच ते खेळ उतरवून घ्यायला हवेत.

म्हणून माझा आग्रह असा की कन्सोल आल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क जोडा आणि एकेक डिस्क घालून सगळे खेळ तिच्यावर उतरवून ठेवा. वन, ३६० आणि मूळ एक्सबॉक्सचे खेळ अशा हार्ड डिस्कवरून थेट चालतात. सिरीजसाठी बनलेले खेळ तिच्यावर नुसते साठवता येतात, चालवण्यासाठी मात्र आतल्या जागेत आणावे लागतात. ३६० चे सगळेच खेळ चालत नाहीत, हेही आधी तपासा. चालणाऱ्या खेळांच्या यादीत शेवटची मोठी भर नोव्हेंबर २०२१ मध्ये पडली आणि त्याच वेळी परवाने, कायदेशीर बाबी आणि तांत्रिक अडचणींमुळे आणखी जुने खेळ आणण्याची मर्यादा गाठल्याचे कंपनीने सांगितले. तुमचा एखादा आवडता खेळ त्यात नसेल, तर जुना ३६० जपून ठेवण्याला पर्याय नाही.

खिळेमोळे

जुनीपुराणी यांच्याशी पूर्ण सहमत. कंपनी हार्डवेअरमधून बाहेर पडली तर काय, या प्रश्नाला जोडून दोन जुने दाखले देतो. सेगाने ३१ जानेवारी २००१ रोजी ड्रीमकास्ट या आपल्या कन्सोलचे उत्पादन त्या मार्चअखेर थांबवण्याचे जाहीर केले आणि पुढे इतरांच्या कन्सोलसाठी खेळ बनवू लागली. ज्यांच्याजवळ ड्रीमकास्ट आणि डिस्क होत्या त्यांचे खेळ चालूच राहिले, कारण ते डिस्कवर पूर्ण होते. खुद्द मायक्रोसॉफ्टने मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे ३६० बाजारात आल्यावर चार वर्षांहून अधिक काळाने बंद केली; ३६० चे स्वतःचे ऑनलाइन दुकान तर जुलै २०२४ पर्यंत चालले. यावरून एवढे म्हणता येते की यंत्र विकणे थांबणे आणि सेवा थांबणे यांत बरेच अंतर असते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चिप बनवणाऱ्या एएमडीबरोबर पुढच्या यंत्रांसाठी अनेक वर्षांचा करार जाहीर केला आहे, हेही विसरू नये.

सुट्टेभाग

मी दुरुस्तीच्या बाजूने लिहितो, कारण दुकानातला माल आटल्याची झळ आधी तिथे बसते. कन्सोल कसाही मिळतो. त्याच्या सोबतच्या वस्तू मिळत नाहीत.

तुमचे वनचे कंट्रोलर सिरीज एक्सवर चालतात, ते टाकू नका. त्यात साधे पेन्सिल सेल बसतात ही या ब्रँडची मोठी चांगली बाजू आहे, कारण आत बंद केलेली बॅटरी मेली म्हणून कंट्रोलर फेकण्याची वेळ येत नाही. जादा साठवणुकीचे कार्ड मात्र याच कन्सोलच्या खाचेत बसणारे खास बनावटीचे असते. ते हवे असेल तर पुढे पाहू असे न म्हणता कन्सोलबरोबरच घ्या.

नवा मिळत नाही म्हणून वापरलेला घेणार असाल, तर विक्रेत्यासमोर तो चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आपली एक ३६० ची, एक वनची आणि एक ब्लू-रे चित्रपटाची अशा तिन्ही डिस्क बरोबर न्या आणि तिन्ही वाचल्या जातात का ते पाहा. ड्राइव्हमधला सर्किट बोर्ड त्या कन्सोलच्या मदरबोर्डशी जोडी जुळवूनच येतो. बिघडल्यावर दुसऱ्या यंत्रातला ड्राइव्ह उचलून बसवला तर तो खेळ वाचत नाही, मूळ बोर्ड त्यात हलवावा लागतो. एचडीएमआयची खाच टॉर्च मारून पाहा, आतल्या पिना वाकलेल्या असल्यास तो सौदा सोडा. आधीच्या मालकाचे खाते काढून यंत्र पूर्ण कोरे करून घ्या, आणि स्वतःचे खाते घालून ऑनलाइन जाता येते याची खात्री करा. गैरवापरामुळे कंपनीने बंदी घातलेली यंत्रेही बाजारात फिरत असतात.

पारवा

सर्वांचे मनापासून आभार. ड्राइव्ह असलेला सिरीज एक्स घ्यायचे नक्की केले आहे, आणि सोबत हार्ड डिस्कही घेईन. एक शंका उरते. डाउनलोड केलेले सगळे खेळ माझ्या खात्यावर आहेत आणि मुलीचे खाते वेगळे आहे. तिला ते माझ्या खात्याशिवाय खेळता येतील का? आणि इंटरनेट नसेल तेव्हा?

जुनीपुराणी

येतील, पण त्यासाठी नव्या कन्सोलवर तुमच्या खात्याने प्रवेश करून सेटिंगमध्ये तो तुमचा 'होम एक्सबॉक्स' ठरवावा लागेल. तसे केले की त्या यंत्रावरच्या कोणत्याही खात्याला तुमचे खेळ आणि तुमची गेम पास वर्गणी वापरता येते. मुलीला मित्रमैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी लागत नाही. डाउनलोड केलेले बहुतेक एकट्याने खेळायचे खेळ इंटरनेटशिवायही उघडतात. हा बदल वर्षातून पाचदाच करता येतो, त्यामुळे तो उगाच या यंत्रावरून त्या यंत्रावर फिरवू नका.

जुना वन काढून टाकण्यापूर्वी तो एकदा इंटरनेटला जोडून प्रत्येक खेळ थोडा वेळ सुरू करा, म्हणजे राहिलेली प्रगती क्लाउडवर चढेल आणि नव्या यंत्रावर खेळ तिथूनच पुढे सुरू होईल. सगळे बसवून झाले की वायफाय बंद करून मुलीच्या खात्यातून दोन-तीन खेळ उघडून पाहा. काही अडले तर पडद्यावर येणारा त्रुटी क्रमांक इथे लिहा, पुढचे आपण पाहू.