फिटची गोळी कमी केली अन् भाऊ चिडचिडा झाला

लहान भावाला 3 वर्षं फिट नाही म्हणून धंतोलीच्या डॉक्टरांनी व्हॅलप्रोएट हळूहळू कमी करायला सांगितली, तर यानं पंधरा दिवसातच स्वतःच्या मनानं पूर्ण बंद केली, आता झोप नाही, आईवर ओरडून राहिला, मधेच रडते. गोळीचा काही संबंध असते का?

> असते नं भाऊ. व्हॅलप्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ह्या फिटच्या गोळ्या बायपोलरमधे (मूड खूप वर-खाली होणारा आजार) मूड सांभाळायलाही देतात, त्यामुळे आतापर्यंत दबलेलं बाहेर येऊ शकते. अन् एकदम बंद केली तर फिट परत यायचा धोका वेगळाच, झोप नसली की अजून वाढते. आजच डॉक्टरांना फोन कर, मनानं डोस सुरू नको करू.

> माझ्या बायकोचं उलटं होतं, लेव्हेटिरासिटॅम ह्या फिटच्याच दुसऱ्या गोळीवर असताना ती चिडायची, डॉक्टरांनी गोळी बदलली तर शांत झाली. म्हणून नाव सांगत जा बाप्पा, सगळ्या गोळ्या सारख्या नसतात!

> जीव नकोसा वगैरे बोलला तर एकटं सोडू नका, टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 ला, रात्रीही मराठीत बोलता येते. गाडी चालवते का तो? चावी काढून घ्या आधी.

बोलला काल तसं काहीतरी, आम्हाला नाटक वाटलं. निघतो आत्ताच.