फ्रिट्झ पोलार्ड म्हणे ‘नावापुरते’ कोच!

ॲक्रनकर: काल इथे अमेरिकन फुटबॉलच्या चर्चेत कुणीतरी लिहिलं, “पोलार्ड १९२१मध्ये ॲक्रन प्रोज संघाचे नावापुरते कोच होते, खरा पहिला कृष्णवर्णीय कोच १९८९चा आर्ट शेल.” वाचून झोप उडाली. १९२०च्या मोसमात ॲक्रनचे आठ विजय, तीन बरोबऱ्या, हार एकही नाही. विरोधकांचे एकूण गुण सात! त्या संघाचा हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, पोलार्ड. पुढच्या वर्षी संघ त्याच्याच हाती दिला. यात नावापुरतं काय?

जुना_पंच: मीच लिहिलं ते. एल्जी टोबिनही कोच होता, हे का गाळता? पद दोघांत वाटलेलं होतं. शेलला रेडर्स संघाची सूत्रं एकट्याला मिळाली. भावनेच्या भरात इतिहास लिहू नका.

ॲक्रनकर: टोबिन होता, नाकारत नाही. पण बाकावरून सूचना द्यायची मुभा लीगने, म्हणजे एनएफएलने, १९४४मध्ये दिली. त्याआधी सामना मैदानातला माणूसच चालवायचा.

जुना_पंच: मैदानात टोबिनही होता की!

सुलभाताई: तुम्ही दोघं पदावरून भांडताय, शिकागो बेअर्सचे मालक आणि कोच जॉर्ज हॅलस यांचं नावही नाही. १९३३नंतर कृष्णवर्णीय खेळाडू लीगमधून एकदम दिसेनासे झाले, ते थेट १९४६पर्यंत. पोलार्ड शेवटपर्यंत हॅलसला दोष देत राहिले.

जुना_पंच: आणि हॅलस म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं. लेखी ठराव दाखवा.

सुलभाताई: लेखी! माझा मुलगा इथे शाळेच्या संघात होता. दोन मोसम बाकावर बसवला. कारण विचारलं की “अजून तयार नाही.” कागद आम्हालाही कुणी दिला नाही. माणसाला बाहेर ठेवायला कागद लागतो असं वाटत असेल, तर तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

जुना_पंच: ताई, तुमच्या मुलाचं वाईट वाटतं, पण तो पुरावा नव्हे.

सुलभाताई: मग बारा मोसमांत एकही नाही, हा योगायोग? रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेला, तिथलं कोलिझियम स्टेडियम सार्वजनिक पैशाचं, कृष्णवर्णीय पत्रकारांनी जाब विचारला, तेव्हा कुठे केनी वॉशिंग्टन हा कृष्णवर्णीय खेळाडू घेतला. जाब विचारेपर्यंत लायक माणूस कुणाला दिसला नाही?

ॲक्रनकर: ज्या काळात पोलार्डना कॉलेज फुटबॉलच्या रोझ बोल सामन्यात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून मिरवायचं, त्याच काळात ॲक्रनला कपडे बदलायला मालकाच्या सिगारच्या कारखान्यात जावं लागे, असं ते स्वतः सांगत. अशा गावात गोऱ्या खेळाडूंना हुकूम देणं नावापुरतं?

जुना_पंच: बारा मोसमांचं उत्तर माझ्याकडे नाही. ‘नावापुरते’ हा शब्दही मागे घेतो. पण टोबिनला वगळून लिहिलंत, तर पुन्हा भांडेन.

सुलभाताई: टोबिनचं नाव राहू द्या. फुटबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने पोलार्डना २००५मध्ये घेतलं, मृत्यूनंतर १९ वर्षांनी. त्यावर कधी भांडलात?