सतनाम सिंगची बास्केटबॉल कारकीर्द यशस्वी म्हणायची का, आणि आपल्याकडच्या उंच मुलाने तिच्यातून काय घ्यावे?

गोदातीर (नांदेड)

नमस्कार मंडळी. माझा भाचा लातूरला अकरावीत शिकतो. शिकवणी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची आणि लक्ष बास्केटबॉलकडे, अशी त्याची सध्याची स्थिती आहे. उंची सहा फूट चार इंच असल्याने शाळेच्या संघात तो पहिल्यापासून सेंटर, म्हणजे कड्याजवळ उभा राहणारा उंच खेळाडू, म्हणून खेळत आला आणि विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचलाही. आता बारावीनंतर व्यावसायिक खेळाडूच व्हायचे, असे त्याने घरी सांगून टाकले आहे आणि दाखल्यासाठी तो पंजाबच्या सतनाम सिंग भामराचे नाव पुढे करतो. आमच्या दाजींचे म्हणणे नेमके उलटे आहे. तो मुलगा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेला खरा, पण तिथे एकही सामना न खेळता शेवटी कुस्तीच्या रिंगणात उतरला, तेव्हा हे उदाहरण पोराला सावध करण्यासाठीच वापरावे, असे त्यांना वाटते.

मामा या नात्याने दोन्हीकडून माझ्याकडेच विचारणा होते आहे. सतनामचे घोडे नेमके कुठे अडले आणि भारतात राहून या खेळावर कितपत पोट भरता येते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना गार्ड (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मामा. आपल्या दाजींची माहिती खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

सतनामचा जन्म 1995 चा, बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या गावचा. वडील शेतकरी आणि स्वतःही सात फुटांहून उंच. लुधियानाच्या अकादमीत तयार होत असताना 2010 मध्ये, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत दाखल झाला. त्या वेळी त्याला इंग्रजी येत नव्हते. पाच वर्षांनी, 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला.

लोकांचा गोंधळ नेमका इथे होतो, कारण ड्राफ्टमध्ये नाव पुकारले म्हणजे नोकरी लागली असे आपण धरून चालतो. त्या वर्षी दोन फेऱ्यांत मिळून 60 खेळाडू निवडले गेले. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला किमान पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला अशी कोणतीही हमी नसते; त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क तेवढा त्या संघाला मिळतो. त्यात प्रत्येक संघाकडे नियमित करारांच्या जागा 15 आणि संघ 30, म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे माणसे. सतनामला मॅव्हरिक्सकडून उन्हाळी लीगमध्ये खेळायला मिळाले, पण मुख्य संघाचा करार मिळाला नाही. पुढे दोन हंगाम तो त्यांच्याच खालच्या संघात, टेक्सास लीजेंड्समध्ये, होता आणि तिथेही त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला.

पैशाची बाजूही सांगून ठेवतो. त्या हंगामात एनबीएतल्या नवख्या खेळाडूचा किमान पगार सुमारे 5 लाख 25 हजार डॉलर होता, तर खालच्या लीगमध्ये सर्वांत वरच्या श्रेणीलाही वर्षाकाठी 30 हजार डॉलरपेक्षा कमी मिळत. दोन्हीकडे राबणूक मात्र सारखीच.

त्यानंतर 2018-19 च्या हंगामात तो कॅनडाच्या लीगमध्ये सेंट जॉन्स एज या संघाकडून खेळला. नोव्हेंबर 2019 मध्ये घेतलेल्या उत्तेजक चाचणीत हायजेनामाइन हा बंदी असलेला घटक सापडला आणि दोन वर्षांची बंदी आली. हा घटक काही पूरक आहारांच्या डब्यांत असतो. जिममधल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून पावडर खाणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे ओरडून सांगायला हवे, पण तो वेगळा विषय झाला. बंदी संपत आली असताना, 2021 मध्ये, ऑल एलिट रेसलिंग या अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्ती कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि एप्रिल 2022 मध्ये तो तिथे प्रथम उतरला.

माझ्या मते तो कमी पडला तो अनुभवात. लहानपणापासून शेकडो चुरशीचे सामने खेळून जी समज येते, ती उशिरा सुरुवात करणाऱ्याला सरावाने भरून काढता येत नाही.

परभणीकर (सध्या पुणे)

जुना गार्ड सरांनी दिलेला तपशील चोख आहे, परंतु कारणमीमांसेत एक मोठी गोष्ट राहून गेली असे मला वाटते. सतनाम निवडला गेला त्याच महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सने विजेतेपद मिळवले आणि तेही अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यापासून आपला उंच सेंटर बाकावर बसवून. पुढच्याच हंगामात त्यांच्या स्टीफन करीने 402 थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचे बास्केट, टाकले. खेळ कड्याजवळून उठून रेषेबाहेर गेला आणि सात फूट दोन इंचांच्या, 130 किलोंच्या घरातल्या सेंटरची किंमत एकाएकी उतरली.

मैदानावर हे कसे दिसते ते सांगतो. समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा चपळ खेळाडू, चेंडू घेऊन येतो, त्याचा साथीदार आडवा उभा राहून आपल्या गार्डला अडवतो, आणि आता त्या चेंडूवाल्याला रोखण्याची जबाबदारी सेंटरवर येते. एनबीएमध्ये थ्री पॉइंटची रेषा कड्यापासून 7.24 मीटरवर आहे. तिथवर धावत यायचे, हात वर ठेवून फेक रोखायची आणि त्याने बगल दिली की तितक्याच वेगाने मागे फिरून कड्याखाली पोहोचायचे, असे एका सामन्यात कित्येक वेळा करावे लागते. हे ज्याला जमत नाही, त्याला प्रत्येक प्रशिक्षक शोधून शोधून त्याच जागी ओढतो. सिम भुल्लर हा कॅनडात वाढलेला पंजाबी वंशाचा खेळाडू सतनामहून उंच, सात फूट पाच इंच. एप्रिल 2015 मध्ये तो सॅक्रामेंटो किंग्जकडून उतरला, भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू म्हणून नाव झाले, पण त्याची एनबीए कारकीर्द तीन सामन्यांत आटोपली. अनुभवाचा प्रश्न त्याला नव्हता, कारण तो अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळून आला होता.

केवळ दुसऱ्या फेरीत निवड झाली म्हणून दारे बंद होतात, असेही नाही. सर्बियाचा निकोला योकिच 2014 मध्ये 41 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे 2021, 2022 व 2024 असा तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो उंच आहे, उडी मात्र बेताची. पण पास असा देतो की जणू गार्डच. उडोनिस हॅस्लमला तर 2002 च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतले नव्हते. तो वर्षभर फ्रान्समध्ये खेळला, परत आला आणि मायामी हीटकडून 20 हंगाम टिकला.

म्हणून मामांना माझी विनंती अशी की भाच्याने सतनामची उंची पाहू नये, मैदानावरची स्वतःची जागा तपासावी. सहा फूट चार इंचांचा मुलगा आपल्या विभागात सेंटर असतो, कारण समोर साडेपाच फुटांची पोरे असतात. राष्ट्रीय पातळीवर त्याच उंचीचे खेळाडू चेंडू घेऊन धावतात आणि बाहेरून फेकतात. परदेशात तर ही उंची गार्डचीच मानली जाते. शाळेच्या शिक्षकांनी सामना जिंकण्यासाठी त्याला कड्याखाली उभे केले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही, मात्र पोराचे ड्रिबलिंग आणि फेक दोन्ही कच्चे राहिले असणार.

कोट्यातून लागलेला (बीड)

चर्चा अमेरिकेत रमली आहे, म्हणून मामांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी खेळाडू आरक्षणातून नोकरीला लागलो आहे, त्यामुळे या बाजूची मला प्रत्यक्ष माहिती आहे.

भारतात बास्केटबॉलचा पगार आजवर प्रामुख्याने विभागांनी, म्हणजे सरकारी खात्यांनी आणि सरकारी कंपन्या-बँकांनी, दिला. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादल अशा संघांत नोकरी आणि खेळ एकत्र चालतात. वाराणसीचा विशेष भृगुवंशी भारताचा कर्णधार झाला, 2020 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला आणि त्याची नोकरी ओएनजीसीमध्ये होती. लीग येतात आणि जातात. यूबीए नावाची लीग 2015 मध्ये सुरू झाली आणि 2017 नंतर बंद पडली; 2022 पासून आयएनबीएलच्या स्पर्धा सुरू झाल्या. केवळ लीगच्या मानधनावर संसार मांडावा, अशी स्थिती अजून आलेली नाही. परदेशी गेलेल्यांत अमज्योत सिंग जपानमध्ये खेळला आणि 2017 मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या जी लीग (एनबीएची खालची लीग) संघात गेला, त्याच वर्षी अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून उतरला. हे दोघेही किमान सहा फूट आठ इंचांचे आहेत, हे भाच्याने ध्यानात घ्यावे.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आमच्या पाटोद्याचा राहुल आवारे कुस्तीतल्या कामगिरीवर पोलीस उपअधीक्षक झाला, हे सर्वांना माहीत आहे. पण कुस्तीत एकट्याच्या बळावर पदक येते, बास्केटबॉलमध्ये बाकीचे अकरा जणही तोडीचे लागतात, आणि मराठवाड्याची खरी अडचण तिथेच आहे. राज्य संघाच्या निवडीत पुणे, मुंबई आणि नागपूरची मुले पुढे असतात, कारण त्यांना आठवड्याला सामने मिळतात. आपल्याकडे बहुतेक मैदाने उघडी, सिमेंटची; एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तिथे पाय ठेववत नाही, आणि त्या कठीण जमिनीवर रोज उड्या मारून विसाव्या वर्षीच गुडघे बोलू लागतात.

गोदातीर (नांदेड)

सर्वांचे मनापासून आभार. आता आम्हां दोघांपुढे, म्हणजे दाजींपुढे आणि माझ्यापुढे, एकच प्रश्न उरतो. पोराला आत्ताच शिकवणी सोडवून एखाद्या मोठ्या अकादमीत पाठवावे की बारावी होऊ द्यावी? सतनामसारखी चौदाव्या वर्षी निघण्याची वेळ तर केव्हाच गेली आहे.

जुना गार्ड (छत्रपती संभाजीनगर)

परभणीकरांचा मुद्दा मला मान्य आहे, तरी अनुभवाचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. भुल्लरला अनुभव होता म्हणून निदान तीन सामने तरी मिळाले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. 2017 मध्ये दिल्लीजवळ एनबीएची अकादमी सुरू झाली आणि तिच्यातून पुढे गेलेला प्रिन्सपाल सिंग 2021 मध्ये सॅक्रामेंटोच्या उन्हाळी लीग संघात होता. पण तो सहा फूट दहा इंचांचा. सोळा-सतरा वर्षांच्या सहा फूट चार इंचांच्या मुलाला अशा ठिकाणी जागा मिळण्यासाठी हातात गार्डचे कसब लागते, आणि ते त्याच्याकडे आज नाही. म्हणून बारावी होऊ द्यावी. दरम्यान रोज पहाटे तासभर डाव्या हाताने ड्रिबलिंग आणि आपल्याकडच्या 6.75 मीटरच्या थ्री पॉइंट रेषेवरून फेक, एवढेच करावे. कड्याखाली उभे राहणे वर्षभर बंद. लातूरमध्ये मोठ्या मुलांच्या क्लबात शिरून मार खात खेळावे, म्हणजे सामनेही पदरात पडतील. पुढच्या वर्षी अठरा वर्षांखालील राज्य स्पर्धेसाठी जिल्हा निवड चाचणी द्यावी. जिल्ह्यात गार्ड म्हणून निवड झाली, तर बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या अशा महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, जिथे विद्यापीठ संघात खेळायला मिळेल, कारण विभागांचे निवडकर्ते आंतरविद्यापीठ स्पर्धांवर लक्ष ठेवून असतात. निवड झालीच नाही, तर नीटची तयारी हाताशी असेलच. चाचणीला जाताना जन्मदाखला मूळ प्रतीत न्यावा. वयाच्या वादात चांगली पोरे बाद झालेली मी पाहिली आहेत.