रविवारच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण आता थांबवावं का?

बागायतदार, वसई
गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका म्हातारीचं दफन झालं आणि मी गेलो नाही, कारण मला कळलंच नाही. निरोप पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता, पण त्याच्या वर फुलांची सुप्रभातं, खाली कुठल्याशा चमत्काराचा व्हिडिओ आणि फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या सणाचे, ढीगभर फोटो. पूर्वी कोणी गेलं की चर्चची घंटा वाजायची. वाडीत पाणी सोडणारा माणूसही हात थांबवून विचारायचा, कोण गेलं? कुठली घंटा कशासाठी, हे पोराटोरांना ठाऊक होतं. मोबाइल कशासाठी वाजतो, हे मात्र आमच्याकडे कोणी ठरवलेलंच नाही.

तेच प्रक्षेपणाचं. 2020 च्या टाळेबंदीत त्याची गरज होती. पोप फ्रान्सिस यांची रोजची सकाळची मिस्साही 9 मार्चपासून घरोघरी दिसत होती. पण इटलीत चर्चेस उघडली, तेव्हा 18 मेनंतर त्यांनी ते प्रक्षेपण बंद केलं. आम्ही अजून चालूच ठेवलंय. दर रविवारी तीन तरुण मुलं कॅमेऱ्यामागे अडकतात, त्यांची स्वतःची मिस्सा होत नाही. माझं म्हणणं, सण आणि अंत्यविधी सोडून प्रक्षेपण थांबवा. त्या मुलांकडून नीट मराठीत सूचना लिहून घ्या, आणि ज्यात फक्त पॅरिश ऑफिसच लिहील असा वेगळा ग्रुप करा.

आईची मुलगी
दादा, दफनाचं वाचून वाईट वाटलं. ग्रुपबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. प्रक्षेपणाबद्दल मात्र अजिबात नाही.

माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. रविवारी सकाळी तिचे केस विंचरून देते, धुतलेलं लुगडं नेसवते, उशीला टेकवून बसवते. फादर बोलले की ती मोठ्याने उत्तर देते. गाणाऱ्यांत कोण आलंय, कोण नाही, हे आवाजावरून सांगते. मागे बाळ रडलं तर विचारते, कोणाचं गं? मोठ्या शहरातल्या चर्चची देखणी मिस्सा लावून पाहिली, दहा मिनिटांत डोळे मिटले तिने. तिला तिची माणसं हवीत. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येतात, पण मधल्या रविवारांचं काय?

बागायतदार, वसई
ताई, तुमच्या आईला कोण नाही म्हणेल! माझी काळजी वेगळी आहे. माझा धडधाकट चुलतभाऊ मासळी साफ करता करता मोबाइलवर मिस्सा ‘ऐकतो’ आणि झाली म्हणतो. इंटरनेटवर संस्कार (ख्रिस्तप्रसादासारखे पवित्र विधी) नसतात, असं व्हॅटिकनने 2002 मध्येच ‘चर्च आणि इंटरनेट’ या दस्तऐवजात लिहून ठेवलंय.

आईची मुलगी
त्याच दस्तऐवजात असंही आहे की देवाच्या कृपेने तिथेही धार्मिक अनुभव येऊ शकतो, आणि चर्चने भिऊन मागे राहू नये. अर्धंच कशाला वाचायचं? चुलतभावाला तुम्ही जाऊन घेऊन या. त्याच्यासाठी माझ्या आईचा पडदा काळा करू नका.

नगरची लेक
जय ख्रिस्त. मी प्रोटेस्टंट मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, त्यामुळे मला हा वाद थोडा बाहेरून दिसतो. आमच्या मंडळीत प्रभुभोजन (तुमच्याकडे ख्रिस्तप्रसाद म्हणता ते) महिन्यातून एकदा, एरवी उपासनेचा गाभा प्रवचन. ते घरी ऐकलं तरी बरंच पोचतं. पण ऐकण्याजोगं असलं तर! आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात धर्माबरोबर विज्ञान होतं, समाजसुधारणा होती, आणि मंडळीबाहेरचा माणूसही वाचेल अशी मराठी होती. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याचं संपादन केलं. आज आपली पानं बघा. पुढाऱ्यांचे सत्कार, वाढदिवस, आणि इंग्रजीतून जसंच्या तसं उतरवलेलं बायबलचं वचन. कॅमेरा ठेवा की काढा, आधी लिहिणारा माणूस शोधा.

कुवेतवासी
मी इथे नर्स आहे. इकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मोठी मिस्सा शुक्रवारी आणि मी जाते तीही इंग्रजीतली. गावची रविवारची मिस्सा माझ्या ड्युटीच्या वेळात येते, कधीच पाहता येत नाही. मला शनिवारी रात्री बायबलमधलं मराठी शुभवर्तमान आणि फादरांच्या आवाजात पाच मिनिटं मिळाली तर पुरे. तेवढं मी बसमध्ये ऐकेन.

आणि एक कळकळीचं सांगणं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागताना नाव आणि आजार ग्रुपवर टाकू नका. माझ्या मावशीचा कॅन्सर मला तिच्या तोंडून कळायच्या आधी तिथून कळला.

बागायतदार, वसई
मावशींचं वाचून मान खाली गेली. अशी एक यादी मीच पुढे पाठवली होती, घरच्यांना न विचारता.

ताई, प्रक्षेपण थांबवा हे मी मागे घेतो. एक स्थिर कॅमेरा लावू आणि सुरू करायला एकच माणूस ठेवू, म्हणजे बाकीची मुलं मोकळी होतील. धडधाकट माणसांनी त्यावर भागवू नये, हे मात्र मी फादरांना वेदीवरून सांगायला लावणार. येत्या पॅरिश कौन्सिलमध्ये हे आणि शनिवारची पाच मिनिटं, दोन्ही मांडतो.

आईची मुलगी
मांडा. आणि कॅमेरा लावाल तो डाव्या खांबापाशी नको. तिथून वाचन करणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि आईला आवाज ओळखता येतात, पण शब्द नीट ऐकू येत नाहीत, ती ओठ बघते.